अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

बीड जिल्ह्यात ‘लिंक नाही’ हे शब्द न ऐकलेला माणूस मिळणं अवघड. निराधारच्या पगारासाठी सकाळपासून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या, कारखान्यावरून परतलेलं ऊसतोडीचं जोडपं, पीकविम्याची चौकशी करायला आलेला शेतकरी, सगळ्यांनी ते काउंटरपलीकडून कधी ना कधी ऐकलेत. ही लिंक म्हणजे काय, ती कुठून येते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. बँकेच्या मागच्या खोलीत, जुन्या लेजरांच्या कपाटाशेजारी, एक लोखंडी रॅक असायचा. त्यात राउटर, त्याखाली मोडेम, मोडेमवर हिरव्या-लाल दिव्यांची एक ओळ. २००५ ते २०१७ अशी बारा वर्षं मी या रॅकांच्या देखभालीसाठी जिल्हाभर फिरलो. मोडेम दुरुस्त करणारा म्हणून लोक मला ओळखत. माझा निम्मा वेळ गेला तो जमिनीपाशी, अर्थिंगच्या खड्ड्याशी.

रॅकशी ओळख त्याआधीची. जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकाची वार्ता आधी सरकारी मार्गाने आली होती. १९८७-८८च्या सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं निकनेट उपग्रहामार्गे जिल्ह्यांना जोडू लागलं, ते जिल्हाधिकारी कार्यालयापुरतं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. बीडच्या माणसाला त्यासाठी एसटीडी लावावी लागे आणि रात्री दर उतरण्याची वाट बघावी लागे. पुढे संचारनेट ही डायल-अप सेवा आली. १७२२३३ हा नंबर फिरवला की लोकल कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली. एमएस-सीआयटीच्या केंद्रांमध्ये मोडेमची ती किरकिरती शीळ ऐकलेली एक पिढी आज चाळिशीत आहे.

शिळेच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते मी औरंगाबादला एका खासगी इंटरनेट कंपनीत शिकाऊ असताना पाहिलं. आधी मांडणीवर सुटे मोडेम ठेवलेले, प्रत्येकाचा वेगळा अडॅप्टर, अडॅप्टरांच्या उष्णतेने खोली भट्टीसारखी. मग रॅकमधली चासी आली. एकाच पेटीत सोळा कार्डं, वीजपुरवठा सामाईक. बाहेर ग्राहकाला नंबर एकच. एक्स्चेंज तो कॉल रिकाम्या लाइनवर सरकवायचं. याला हंटिंग म्हणत. यातली एक खोड मी कधी विसरणार नाही. एखादं कार्ड अर्धवट मेलं, म्हणजे घंटी वाजतेय पण ते उचलत नाही, की एक्स्चेंजला ती लाइन रिकामीच दिसे. येणारा प्रत्येक कॉल आधी तिथेच जाऊन अडके. पंधरा मोडेम धडधाकट, तरी शहराला वाटे की सगळं बंद आहे. उपाय साधा होता. रात्रपाळीत एकेका लाइनवर फोन करून बघायचा, न उचलणारी सापडली की ती मुद्दाम व्यस्त करून ठेवायची. पूर्ण मेलेल्यापेक्षा अर्धवट मेलेलं यंत्र जास्त घात करतं, हे तिथे कळलं आणि बीडमध्ये रोज उपयोगी पडलं.

त्यानंतर सुट्या लाइनी गेल्या. दोन मेगाबिटच्या एका ई-वन जोडणीवर तीस कॉल येऊ लागले. ५६ हजार बिटांचा वेगही त्यामुळेच शक्य झाला, कारण सेवा देणाऱ्याची बाजू थेट डिजिटल असेल तरच तो मिळतो. १४ जानेवारी २००५ला बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि डायल-अपचे दिवस भरले. मी बीडला आलो तो त्याच वर्षी, बँकांच्या लीज्ड लाइनचं काम घेतलेल्या एका कंत्राटदाराकडे.

बँका तेव्हा कोअर बँकिंगकडे निघाल्या होत्या. लेजर बंद, हिशोब मुंबई-हैदराबादच्या सर्व्हरवर. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखा पुष्कळ, शिवाय ग्रामीण आणि सहकारी बँका. प्रत्येक शाखेतून तांब्याच्या तारांची जोडी जवळच्या एक्स्चेंजला जायची. एका टोकाला शाखेतला मोडेम, दुसऱ्या टोकाला एक्स्चेंजच्या रॅकमधलं कार्ड. वेग बहुतेक ठिकाणी ६४ केबीपीएस. आजच्या मुलाला हा आकडा खरा वाटत नाही, पण पैसे काढण्याची एक नोंद जायला तेवढा पुरत असे.

रॅक बसवणं हे मला अजूनही सुंदर काम वाटतं. रुंदी १९ इंच, उंचीचं माप ‘यू’मध्ये, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. जड वस्तू तळाशी, मोडेमच्या वर-खाली एकेक यू मोकळा, विजेच्या केबल एका बाजूने आणि डेटाच्या दुसऱ्या बाजूने. नाव दोन्ही टोकांना लिहायचं. उन्हाळ्यात डिंकाच्या चिठ्ठ्या गळून पडत, म्हणून मी मार्करने लिहून वर पारदर्शक टेप गुंडाळायचो. क्लॉक एकाच टोकाला ठेवायचं. दोन्ही मोडेमना स्वतःच्या घड्याळावर चालायला सांगितलं तर दिवे हिरवे राहतात, पण मधूनमधून बिट घसरतात, आणि नेमक्या गर्दीच्या वेळी व्यवहार अडकतात. हा दोष शोधायला मी एकदा पाटोद्याकडच्या एका शाखेत तीन चकरा मारल्या होत्या.

बिघाड शोधायची रीत म्हणजे लूप. एक्स्चेंजमधल्या माणसाला फोनवर सांगायचं, “लूप द्या.” आपण पाठवलेलं आपल्यालाच परत आलं तर इथपर्यंत सगळं ठीक. असं करत दोष अर्ध्यात, मग पावात अडवायचा. तार तुटली असेल तर मल्टीमीटर. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा लूप रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण पावणेदोनशे ओहम भरतो. एक्स्चेंजच्या एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या सगळ्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवर, जोडी शॉर्ट करून घेतली आणि मीटरने साडेतीनशे दाखवले तर लाइन दोन किलोमीटरची आहे. आकडा त्याहून फुगलेला, हलता दिसला, तर कुठला तरी जॉइंट कुजलाय. तो कुठला, हे मीटर सांगत नसे. ते केबल जॉइंटर सांगायचे. कोणत्या पुलाखाली कधी जॉइंट मारलाय, रस्ता रुंद करताना जेसीबीने कुठे केबल उचकटली होती, हे त्यांच्या डोक्यात असे. नकाशावर त्यातलं फारच थोडं होतं. ३१ जानेवारी २०२०ला बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्तीने देशभरात ७८ हजारांहून जास्त माणसं एकाच दिवशी बाहेर पडली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हे जॉइंटर.

आता खड्ड्याकडे येतो.

शाखेच्या मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा असतो. अडीच-तीन मीटर खोल खणायचं, तळाशी सहाशे मिलिमीटर चौरस पत्रा उभा ठेवायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं बसवलेला पाइप, त्यावर झाकण. भारतीय मानक ३०४३मध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. या खड्ड्यातून निघालेली पट्टी भिंतीलगत येते आणि रॅकच्या अंगाला जोडली जाते. मोडेममध्ये, यूपीएसमध्ये कुठेही चुकार वीज आली तर तिने या वाटेने जमिनीत जावं, अशी अपेक्षा. जमीन ओली असेल तरच ती घेते. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, निर्माण करत नाहीत.

आपला जिल्हा या बाबतीत दोन तऱ्हांचा आहे. गोदावरीकडच्या गेवराई-माजलगावात काळी जमीन. पावसाळ्यात ती उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते, आक्रसते आणि पत्र्यापासून सुटते. मध्ये हवा शिरते. बालाघाटावर, आष्टी-पाटोद्याकडे, वर मुरूम आणि खाली कातळ. तिथे तीन मीटर खणणंच मुश्कील, आणि घातलेलं पाणी बघता बघता झिरपून जातं. शाखेत शिरल्यावर मी मोडेमकडे बघत नसे. आधी मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायचो. दोन व्होल्टपर्यंत ठीक. दहाच्या पुढे आकडा दिसला की खोलीतलं कोणतं ना कोणतं कार्ड लवकरच जाणार, हे ठरलेलं. मोडेम आणि राउटर वेगवेगळ्या प्लगवर असले आणि त्यांच्या अर्थमध्ये फरक पडला, तर तो फरक दोघांना जोडणाऱ्या व्ही-३५ केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जाळतो. जळलेल्या कार्डाच्या बदली दुसरं औरंगाबादहून एसटीच्या पार्सलने यायचं. तोवर लिंक नाही.

२०१३च्या उन्हाळ्यात बालाघाटावरच्या एका शाखेत अर्थचा दाब चौदा दिसला. शिपाईमामांना विचारलं, “मामा, खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?”

“साहेब, प्यायला नाही, खड्ड्यात कुठून टाकू?”

गावाला टँकर आठवड्यातून दोनदा येत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं होतं. २०१५मध्ये ते पुन्हा पाण्यावाचून थांबलं, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं. अशा दिवसांत मी मातीत ओतायला बादलीभर पाणी मागत होतो. पुढे मला ते मागवेना. मामांनीच मार्ग काढला. चहाचे कप विसळलेलं पाणी आणि हात धुतलेलं पाणी एका डब्यात साठवायचं आणि संध्याकाळी पाइपात ओतायचं. काही शाखांमध्ये आम्ही एसीची निथळणारी नळी खड्ड्याकडे वळवली. मे महिन्यातल्या कोरड्या हवेतून एसी पाणी काढणार ते किती, आणि भारनियमनात एसीच बंद. पण आठवड्याभराने मामांच्या शाखेतला आकडा चौदावरून सहावर आला होता. तेवढ्यावर त्या शाखेची लिंक पाऊस येईपर्यंत टिकली.

आणि पाऊस यायचा तो विजा घेऊनच. मराठवाड्यात वळवाच्या पावसात वीज पडून दर वर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. टेलिफोनच्या उघड्यावरून गेलेल्या तारांवर या विजेचा झटका उतरतो. तो अडवायला एमडीएफवर प्रत्येक जोडीला जीडी ट्यूब असते. आत वायू भरलेला. एरवी ती वीज जाऊ देत नाही, झटका आला की क्षणात वाहक बनते आणि तो जमिनीकडे वळवते. म्हणजे पुन्हा जमीनच. वळीव येतो उन्हाळ्याच्या अखेरीला, जेव्हा जमिनीत ओल सगळ्यांत कमी असते. ट्यूब आपलं काम चोख करते, पण खालचा खड्डा कोरडा म्हणून झटक्याला जायला वाट नाही. मग तो मोडेममध्ये शिरतो. एका मे महिन्यात दोन दिवसांत मी सात जळकी कार्डं गोळा केली होती. सातही शाखांचे खड्डे उघडले. सहा ठिकाणी मीठ कोरडं, पांढरं, दगडासारखं झालं होतं. त्या वर्षीपासून मी एप्रिलमध्येच फेरी काढू लागलो. रजिस्टरमध्ये मोडेमच्या आधी खड्ड्याचा रकाना आखला. कंपनीच्या छापील फॉर्मवर तो नव्हता.

विजेच्या तुटवड्याबद्दल थोडक्यातच सांगतो, ते सगळ्यांनी भोगलंय. परळीचं केंद्र जिल्ह्यात असून तालुक्याच्या गावांना तासन्‌तास अंधार. दोन तासांच्या हिशोबाने घेतलेल्या बॅटऱ्यांना सहा तास ओढायला लावायचं, आणि तेही चाळीस अंशांच्या खोलीत. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पाच वर्षांच्या बॅटऱ्या दोन वर्षांत फुगायच्या. एक्स्चेंजची गोष्ट वेगळी होती. तिथे दोन व्होल्टचे चोवीस सेल, मिळून ४८ व्होल्ट, आणि धन बाजू जमिनीला जोडलेली, म्हणजे ओलाव्यात तांबं कुजू नये. जमिनीचा हा हिशोब टेलिफोनवाल्यांनी किती आधी करून ठेवला होता, हे बघून मला आदर वाटायचा.

२०१३-१४नंतर एकेका शाखेत फायबर येऊ लागलं. १ एप्रिल २०१७ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली, पाट्या बदलल्या, काही शाखा एकत्र झाल्या आणि त्यांचे रॅक निघाले. मी काढलेल्या मोडेमपैकी बहुतेक चालू स्थितीत होते. ते वजनावर गेले. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे लाइनवरून येणारा झटका संपला. वीजजोडणीतून येणारा तसाच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात बालाघाटावरच्या मामांच्या त्या शाखेत मी स्वतःच्या कामासाठी गेलो होतो. मामा निवृत्त झालेत. मागच्या खोलीत भिंतीवर छोटा रॅक, त्यात हाताएवढी एक पेटी. सवयीने मी पिशवीतला मीटर काढला आणि व्यवस्थापकांना विचारून प्लगमध्ये लावला. अकरा. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे असं विचारलं, तर कुणालाच सांगता आलं नाही. मग भिंतीलगतच्या जस्ताच्या पट्टीचा माग काढत मी मागच्या अंगणात गेलो. पट्टी नव्या पेव्हर ब्लॉकखाली शिरली होती. वर तीन मोटारसायकली उभ्या होत्या. व्यवस्थापक माझ्याबरोबर बाहेर आले. मी त्यांना ती जागा दाखवली आणि तिथले चार ब्लॉक उचलायला सांगितलं.