बीच बॉईजची कॉपी म्हणून हिणवलेल्या जॅन अँड डीनच्या रेकॉर्ड्स चाहते आता पुन्हा का ऐकतायत?

१९६३ चा जुलै महिना. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एक सर्फ गाणं पहिल्यांदाच एक नंबरला पोहोचलं. समुद्र, लाटांवर सर्फिंग करणारी पोरं, गाडी काढून पार्टीला निघालेली टोळी, असा सगळा मामला.

तुम्हाला वाटेल हे गाणं बीच बॉईजचं असणार. पण नाही. गाण्याचं नाव 'सर्फ सिटी' आणि गायलं होतं जॅन बेरी आणि डीन टॉरन्स या जोडीने. बीच बॉईजना स्वतःच्या पहिल्या एक नंबरसाठी अजून वर्षभर थांबावं लागलं.

गंमत म्हणजे 'सर्फ सिटी'ची सुरुवात केली होती बीच बॉईजच्या ब्रायन विल्सननेच. अर्धवट राहिलेलं गाणं त्याने जॅनला देऊन टाकलं, जॅनने ते पूर्ण केलं आणि रेकॉर्डवर ब्रायन स्वतः गायलासुद्धा. घरचं एक नंबरचं गाणं बाहेर गेलं म्हणून ब्रायनचे वडील मरी विल्सन जाम भडकले होते.

इथूनच जॅन अँड डीनवर शिक्का बसला. दुसऱ्याच्या गाण्यावर मोठी झालेली, टीव्हीवर विनोद करणारी दोन देखणी पोरं. पुढे बीच बॉईजच्या 'पेट साउंड्स'वर पुस्तकं लिहिली गेली आणि हे दोघं जुन्या हिट गाण्यांच्या संग्रहातल्या चार-पाच गाण्यांपुरते उरले.

मग आता काय बदललं?

तर चाहत्यांनी कागद बघायला सुरुवात केली. त्या काळी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वादक वाजवायला आले की संघटनेच्या करारावर त्यांची नोंद व्हायची. कोण आलं, कोणत्या तारखेला आलं, काय वाजवलं. असे कागद आणि स्टुडिओतल्या टेप यांच्या आधारे मार्क मूर यांनी २०१६ मध्ये या जोडीच्या रेकॉर्डिंगचा तारीखवार इतिहासच छापला. त्यातून जो जॅन बेरी समोर येतो, तो टीव्हीवरच्या जॅनपेक्षा बराच वेगळा आहे.

हा माणूस फक्त गायक नव्हता. निर्माता तोच आणि आपल्याकडे ज्याला संगीत संयोजक म्हणतात तोही तोच. १९५८ मध्ये 'जेनी ली' हे त्याचं पहिलं हिट गाणं त्याने घरच्या गॅरेजमध्ये टेप रेकॉर्डर लावून केलं होतं. (त्यावर डीनचं नाव नाही, कारण डीन तेव्हा लष्करी प्रशिक्षणाला गेला होता. नाव आहे जॅन अँड आर्नी.) पाच-सहा वर्षांत हाच पोरगा हॅल ब्लेन आणि अर्ल पामर या तिथल्या दोन सगळ्यात मोठ्या ड्रमरना शेजारी बसवून एकच ठेका दोघांकडून एकाच वेळी वाजवून घ्यायला लागला. त्या गाण्यांचा ठेका अंगावर येतो तो यामुळे.

आणि हे सगळं करताना तो वैद्यकीय कॉलेजात शिकत होता. दिवसा लेक्चर, रात्री स्टुडिओ.

'डेड मॅन्स कर्व्ह' हे १९६४ चं गाणं एकदा हेडफोन लावून ऐका. दोन गाड्यांची शर्यत आणि धोक्याचं वळण, एवढीच गोष्ट. पण त्यात हार्प आहे, गाडीचे हॉर्न आहेत, टायर घासल्याचा आवाज आहे आणि शेवटी जखमी ड्रायव्हर डॉक्टरांना घडलेलं सांगतोय. अडीच-तीन मिनिटांत अख्खा सिनेमा. माझ्या मते तरी ही कॉपी करणाऱ्याची रेकॉर्ड नाही.

अर्थात सगळंच सोनं नाही. बॅटमॅनवर काढलेला त्यांचा अल्बम आजही पूर्ण ऐकवत नाही आणि भरतीची गाणी तर ढिगाने आहेत.

शिवाय याच शोधातून एक अडचणीची गोष्टही पक्की झाली. जॅन अँड डीनच्या रेकॉर्डवरचा डीन नेहमी डीन नसतो. 'द लिटल ओल्ड लेडी फ्रॉम पॅसाडिना'मधला तो प्रसिद्ध उंच पट्टीतला आवाज पी. एफ. स्लोन या गीतकाराचा आहे. याच्या उलटही घडलं. १९६५ मध्ये जॅनच्या एका रेकॉर्डिंगला कंटाळून डीन उठला आणि बीच बॉईजच्या स्टुडिओत गेला. तिथे तो 'बार्बरा ॲन' गायला. ते गाणं अमेरिकेत दोन नंबरपर्यंत गेलं, पण कव्हरवर डीनचं नाव नाही.

म्हणून चाहत्यांमधला खरा वाद हा आहे की ही जोडी होती, की जॅनचा कारखाना आणि डीन त्याचा चेहरा? डीनची बाजू घेणारे म्हणतात की जॅनच्या हट्टाला हसून वाट करून देणारा डीन नसता, तर ही गाणी एवढी मोकळी वाटलीच नसती. यात तथ्य आहे.

१२ एप्रिल १९६६ ला सगळंच थांबलं. बेव्हर्ली हिल्समध्ये जॅनची कॉर्व्हेट उभ्या ट्रकवर आदळली. गाण्यातली गाडीही कॉर्व्हेटच, आणि ज्या वळणावर गाणं रचलं होतं ते तिथून फार लांब नाही. जॅन २५ वर्षांचा होता. मेंदूला जबर मार लागला, उजवी बाजू लुळी पडली, शब्द आठवेनासे झाले.

यानंतरच्या दोन रेकॉर्डिंगवर आज सगळ्यात जास्त बोललं जातं. पहिलं 'सेव्ह फॉर अ रेनी डे'. हा अल्बम डीनने केला, नाव दोघांचं, पण जॅनचा आवाज त्यात नाही. दुसरं 'कार्निव्हल ऑफ साउंड'. वाक्य पूर्ण करता येत नसताना जॅन १९६७-६८ मध्ये पुन्हा स्टुडिओत जाऊन बसला आणि वादकांकडून हवं ते वाजवून घेत राहिला. गायन बरंचसं इतरांचं आहे. काही गाणी विस्कळीत आहेत, काहींत मात्र तोच जुना कान जागा असल्याचं कळतं.

डीन पुढे ग्राफिक डिझायनर झाला आणि अल्बमच्या कव्हरसाठी त्याने ग्रॅमी मिळवलं. १९७८ मध्ये या दोघांवर टीव्ही चित्रपट आला, त्यानंतर ते पुन्हा एकत्र कार्यक्रम करायला लागले.

'कार्निव्हल ऑफ साउंड' मात्र वॉर्नर ब्रदर्सने तेव्हा बाजारात आणलाच नाही. तो अधिकृतपणे निघाला २०१० मध्ये. जॅन त्याच्या सहा वर्षं आधी गेला होता.