उलुरूच्या पायथ्याशी

अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून मोटारीने साडेचारशे किलोमीटर लाल वाळवंट कापले, तेव्हा कुठे उलुरू दिसला. एकच कातळ, पण ३४८ मीटर उंच! १८७३ साली गॉस नावाच्या गोऱ्या मोजणीदाराने त्याला ‘एअर्स रॉक’ म्हटले. अनांगू लोकांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून पवित्र. १९८५ साली जमीन त्यांना परत मिळाली, तरी ‘वर चढू नका’ ही त्यांची विनंती पाटीवरच राहिली. २६ ऑक्टोबर २०१९ पासून मात्र चढाई बंद. साखळी निघाली, बुटांनी घासलेला फिकट पट्टा कातळावर अजून दिसतो. वर जाण्याची हौस मलाही होती, खोटे कशाला बोलू? पायथ्याने दहा किलोमीटर चाललो. एके ठिकाणी ‘येथे छायाचित्रे घेऊ नयेत’ अशी पाटी होती. कॅमेरा मुकाट्याने पिशवीत टाकला.