करंज्या, चिप आणि दोन सेकंद

दिवाळीआधीच्या शनिवारी आमच्या मिनेसोटातल्या मंडळाचा फराळ कम्युनिटी हॉलच्या स्वयंपाकघरात होतो. गेल्या वर्षी करंज्या तळायचं काम माझ्याकडे आलं. शेजारी पाऱ्या लाटणाऱ्या काकूंनी विचारलं, "अरे, तू कॉम्प्युटरचं काम करतोस म्हणजे नक्की करतोस तरी काय?"

"हॉस्पिटलच्या उपकरणांत कोणती चिप बसवायची ते ठरवतो."

"त्यात काय ठरवायचं? सगळ्यांत फास्ट असेल ती घ्यायची!"

पंधरा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणालो होतो.

हॉस्पिटलात सलाइनच्या स्टँडला एक छोटी पेटी अडकवलेली असते, तो इन्फ्युजन पंप. ठरलेलं औषध ठरलेल्या वेगानं शिरेत सोडणं हे त्याचं काम. नळीत हवेचा बुडबुडा आला तर त्यानं तत्काळ थांबायचं आणि अलार्म वाजवायचा. माझ्या पहिल्या पंपासाठी मी स्मार्टफोनमध्ये असतो तसा दणकट प्रोसेसर निवडला. त्यावर लिनक्स, रंगीत टचस्क्रीन, मोटर, अलार्म, सगळा कारभार एकाच चिपवर. डेमोला टाळ्या पडल्या.

मग चाचण्या सुरू झाल्या. शेकडो वेळा बुडबुडा सोडला, पंप लगेच थांबला. एकदा मात्र दोन सेकंद उशीर झाला. त्या क्षणी प्रोसेसर मेमरीत नोंदी लिहिण्यात गुंतला होता. "पण सरासरी उत्तम आहे," मी म्हणालो. आमच्या ज्येष्ठ इंजिनिअर बाईंनी शांतपणे विचारलं, "ज्याच्या शिरेत तो बुडबुडा जाईल, त्याला सरासरी सांगणार आहेस का?"

दोनच महिन्यांपूर्वी पुण्यात बाबांच्या उशाशी बसून मी असाच पंप रात्रभर बघत होतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकूंना मी समोरच्या ओट्यावरूनच समजावलं. प्रोसेसर म्हणजे एकटी सुगरण. हात कितीही चपळ असला तरी लाटणं, भरणं, कातणं, तळणं एकामागून एकच करणार. दाराची बेल वाजली की हातातली पारी खाली ठेवावी लागणार. चार कोअरचा प्रोसेसर म्हणजे चार सुगरणी, पण ओटा एकच.

एफपीजीए म्हणजे आपला हा हॉल. एक लाटतेय, दुसरी सारण भरतेय, तिसरी कातणानं कडा कापतेय, मी तळतोय. सगळं एकाच वेळी. ही चिप कोरी येते. आत लॉजिकचे छोटे ठोकळे असतात, त्यांची जोडणी आपण ठरवायची. झिलिंक्सनं १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली तेव्हा तिच्यात ६४ ठोकळे होते. आजच्या मोठ्या चिपमध्ये लाखो असतात. बेल वाजली तरी तळणारा तळतच राहतो.

मग सगळीकडे एफपीजीएच का नाही? किंमत जास्त, आणि जोडणी लिहून तपासायला वेळही जास्त. शिवाय तिचे बरेच प्रकार वीज गेली की जोडणी विसरतात. चालू करताना ती पुन्हा भरावी लागते. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात.

शेवटी आम्ही काम वाटून दिलं. स्क्रीन मोठ्या प्रोसेसरकडे. औषधाचा वेग साध्या, स्वस्त मायक्रोकंट्रोलरकडे. बुडबुडा दिसताच मोटर तोडण्याचं काम एका छोट्या एफपीजीएकडे. तीही फ्लॅश प्रकारची, वीज गेली तरी जोडणी न विसरणारी. स्क्रीन गोठली तरी पंप थांबवणारा हात मोकळाच! २०२१ साली मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही अशीच वाटणी होती: कॅमेऱ्याच्या चित्रांवरून वाट शोधायला फोनमधला स्नॅपड्रॅगन, उड्डाण सांभाळायला मायक्रोकंट्रोलरची जोडी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एफपीजीए.

आता मी चिपचा वेग सगळ्यांत शेवटी बघतो. आधी विचारतो: अगदी वाईट क्षणी हिला किती उशीर होईल? बॅटरीवर किती तास चालेल? आणखी दहा वर्षं ही बाजारात मिळेल का? २०२१च्या टंचाईत एका साध्या चिपसाठी वर्षभर वाट पाहिल्यावर हा प्रश्न पाठच झाला. आणि माझ्यानंतर हे कोण सांभाळेल?

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कळलं. म्हणजे तळणाऱ्यानं गप्पा मारायच्या नाहीत. कढईकडे बघ."

मी घाईनं झारा घातला. तरी दोन करंज्या लाल झाल्याच.