तांदूळ मोफत, तरी किराण्याचे बिल का फुगते? कुंभकोणमच्या बाजारातील काटकसरीचे गणित

कुंभकोणम (तमिळनाडू) : कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या या शहराला चहूबाजूंनी भातशेतीचा वेढा आहे. राज्यात १ जून २०११ पासून शिधापत्रिकेवर तांदूळ मोफत मिळतो. असे असूनही महिनाअखेरीस होणारी किराणा खर्चाची ओढाताण येथील घरांना चुकलेली नाही. शेजारच्या तिरुभुवनम येथील रेशीम विणकर असोत, नाच्चियारकोविल येथील पितळी समया घडवणारे कारागीर असोत वा शहरातील नोकरदार, प्रत्येकासमोर प्रश्न एकच आहे : मुख्य अन्न जवळपास फुकट मिळत असताना पैसा जातो कुठे, आणि तो वाचवायचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील घरांनाही उपयोगी पडण्याजोगे आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतल्यापासून कावेरीच्या या खोऱ्यात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच, अशा एका मराठी कुटुंबात झाला होता.

खर्च नेमका कशावर?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता. मोफत मिळालेल्या वस्तूंचे मोल या आकड्यात धरलेले नाही. त्यातील ३९.६८ टक्के रक्कम अन्नावर खर्च होत होती. मात्र तृणधान्यांचा वाटा केवळ ३.७४ टक्के होता. पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांचा वाटा ११.०९ टक्के, दूध व दुग्धजन्य पदार्थांचा ७.१९ टक्के, तर भाजीपाल्याचा ४.१२ टक्के होता.

ही टक्केवारी रुपयांत मांडली की चित्र स्पष्ट होते. चार माणसांच्या सरासरी शहरी कुटुंबाचा मासिक खर्च सुमारे २८ हजार रुपये धरला, तर त्यात धान्याचे हजार-अकराशे, दुधाचे दोन हजार आणि पेये, फराळ व तयार पदार्थांचे तीन हजारांहून अधिक रुपये असतात. धान्याच्या खर्चात दहा टक्के कपात केल्यास महिन्याला शंभर रुपये वाचतात. तीच कपात बिस्किटे, चिवडा, शीतपेये आणि बाहेरचे खाणे यांत केल्यास तीनशे रुपये वाचतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी कुटुंबाच्या खर्चात धान्याचा वाटा सुमारे १२ टक्के होता. तांदळाच्या भावावर घासाघीस करून घरखर्च आटोक्यात ठेवण्याची रीत त्या काळातील आहे. आज खर्चाची जागा बदलली आहे. काटकसरीची सवय मात्र अनेक घरांत जुन्याच जागी राहिली आहे.

पहिले दार : शिधावाटप दुकान

तमिळनाडूतील सार्वजनिक वितरण व्यवस्था सर्वांसाठी खुली आहे. महाराष्ट्रात पांढऱ्या शिधापत्रिकेवर धान्य मिळत नाही. तमिळनाडूत मात्र प्राधान्य गटात न मोडणाऱ्या तांदूळ कार्डधारकांनाही मोफत तांदूळ मिळतो. चार माणसांच्या कुटुंबाला हे प्रमाण साधारण महिन्याला २० किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो आहे. तांदूळ नको असलेल्या कुटुंबांना अधिक साखर देणारे वेगळे कार्ड घेता येते.

घरखर्चाच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या आहेत त्या तूरडाळ आणि पामतेल या दोन वस्तू. २००७ मध्ये सुरू झालेल्या विशेष वितरण योजनेत महिन्याला एक किलो तूरडाळ ३० रुपयांना आणि एक लिटर पामतेल २५ रुपयांना मिळते. अलीकडच्या वर्षांत खुल्या बाजारात या दोन्ही वस्तूंचे भाव बहुतांश काळ शंभर रुपयांच्या आसपास वा त्याहून वर राहिले आहेत. भाव शंभरच धरला, तरी दोन्ही मिळून महिन्याला १४५ आणि वर्षाला १,७४० रुपयांची बचत होते. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला. तो सणापुरता होता. तमिळनाडूतील डाळ-तेलाची सवलत दरमहा आहे, आणि म्हणूनच ती न चुकवणे मोलाचे ठरते.

चुकण्याची शक्यता असते ती पुरवठा लांबल्यास. डाळ आणि तेल उशिरा पोहोचल्याने मे २०२४ चा हक्काचा माल जूनमध्ये घेण्याची मुभा राज्य सरकारला द्यावी लागली होती. दुकानात डाळ नसल्याचे ऐकून परत फिरणाऱ्या ग्राहकाने पुन्हा चौकशी केली नाही, तर त्याची ती सवलत बुडते. कार्डाशी जोडलेल्या मोबाइलवर दुकानातील खरेदीचा संदेश येतो. न घेतलेल्या वस्तूची नोंद त्यात दिसल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

शिधावाटपातील उकड्या तांदळाचा वास वा पोत पसंत नसल्यास अनेक घरे तो इडली-डोशाच्या पिठासाठी वापरतात आणि जेवणाचा भात तेवढा बाजारातून आणतात. त्यामुळे मोफत धान्य वायाही जात नाही आणि पिठाची तयार पाकिटे विकत घेण्याची गरजही उरत नाही.

दुसरे दार : उळवर संदै

भाजीपाल्यासाठी तमिळनाडूत ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार, ही व्यवस्था आहे. तत्कालीन मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांच्या कारकिर्दीत १४ नोव्हेंबर १९९९ रोजी मदुराई येथे पहिला बाजार सुरू झाला. आज राज्यातील अनेक शहरांप्रमाणे कुंभकोणममध्येही असा बाजार भरतो. येथे व्यापाऱ्याला नव्हे, तर पडताळणी करून ओळखपत्र दिलेल्या शेतकऱ्यालाच माल विकता येतो. गाळ्याचे भाडे नसते आणि वजनकाटाही बाजाराकडूनच मिळतो.

त्या दिवसाचा भाव फलकावर लिहिलेला असतो. तो घाऊक भावापेक्षा साधारण २० टक्के अधिक आणि किरकोळ भावापेक्षा १५ टक्के कमी असावा, असे मार्गदर्शक सूत्र आहे. वर उल्लेखिलेल्या सरासरी कुटुंबाचा भाजीखर्च महिन्याला साडेअकराशे रुपये धरल्यास १५ टक्के म्हणजे सुमारे १७० रुपये होतात.

एवढ्या बचतीसाठी दोन वेळा रिक्षा केली, तर हाती काहीच उरत नाही. मे २०२१ पासून राज्य परिवहनाच्या साध्या शहरी बसमध्ये महिलांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा जवळच्या खेड्यात राहणाऱ्या गृहिणीलाही बाजारापर्यंत विनाखर्च जाता येते. वेळ मात्र द्यावा लागतो. हे बाजार पहाटे उघडतात आणि दुपारपर्यंत आटोपतात. आठवड्यातून दोन फेऱ्या आणि टिकणाऱ्या भाज्यांची एकत्र खरेदी हा व्यवहार्य मार्ग ठरतो. लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी यांसारख्या भाज्या काही दिवस सहज टिकतात. पालेभाजी मात्र लागेल तेवढीच घ्यावी.

तिसरे दार : किराणा दुकान आणि पाकिटावरील बारीक अक्षरे

उरलेली खरेदी किराणा दुकानात किंवा सुपरमार्केटमध्ये होते. येथे फसगत होते ती बहुधा वजनाच्या बाबतीत. पूर्वी चहा, कॉफी, बिस्किटे, खाद्यतेल, डाळी यांसारख्या वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकण्याचे बंधन होते. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे बंधन रद्द झाले. त्यानंतर किंमत तीच ठेवून आतील माल कमी करणे उत्पादकांना सोपे झाले. खाद्यतेलाची एक लिटरसारखी दिसणारी पिशवी प्रत्यक्षात ८५० ग्रॅमची असू शकते.

त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हाती एक साधनही दिले. पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर एकक किंमत छापणे बंधनकारक झाले. एक किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम, तर अधिक वजनाच्या पाकिटावर प्रतिकिलो असते. म्हणून अर्ध्या किलोच्या पाकिटावर ‘०.१२ रुपये प्रतिग्रॅम’ आणि दोन किलोच्या पाकिटावर ‘११५ रुपये प्रतिकिलो’ असे लिहिलेले असेल, तर पहिल्या आकड्याला हजाराने गुणावे. तो १२० रुपये किलो पडतो, हे लगेच कळते.

तेलाची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे लिटरचा भाव आणि किलोचा भाव एकमेकांशेजारी ठेवून तुलना केल्यास जवळपास नऊ टक्क्यांची चूक होते.

मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते, ही समजूतही तपासून पाहावी. शाम्पूच्या छोट्या पुडीचा व्यवसाय तमिळनाडूतीलच कडलूर येथे रुजला. आजही अनेकदा पुडीतील शाम्पू बाटलीपेक्षा प्रतिमिलिलिटर स्वस्त पडतो. चहा, डाळ, मसाले यांबाबत मात्र बहुधा उलट अनुभव येतो.

कॉफीचा हिशेब

कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. घट्ट, पाणी न घातलेले दूध आणि गाळणीत उतरलेला दाट अर्क ही तिची ओळख. दूध आणि कॉफी हे दोन्ही खर्च येथील घरात मोठे असतात, आणि २०२४-२५ मध्ये जागतिक बाजारात कॉफीचे भाव उच्चांकाला पोहोचल्यानंतर ते अधिकच जाणवू लागले.

येथे पाकिटावरील चिकोरीचे प्रमाण पाहणे आवश्यक ठरते. अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. समजा, ८० टक्के कॉफी असलेली पूड ८०० रुपये किलो आणि ६० टक्के कॉफी असलेली पूड ६६० रुपये किलो आहे. चिकोरी बाजूला ठेवून केवळ कॉफीचा भाव काढल्यास पहिली १,००० रुपये आणि दुसरी १,१०० रुपये किलो पडते. दिसायला महाग असलेली पूड अशा वेळी प्रत्यक्षात स्वस्त ठरते. चिकोरीची चवच ज्यांना आवडते, त्यांच्यासाठी अर्थातच हिशेब वेगळा राहील.

कर आणि २६ किलोचे पोते

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुटे धान्य आणि २५ किलोहून मोठी पोती करमुक्त राहिली. परिणामी तमिळनाडूच्या बाजारात २६ किलोची तांदळाची पोती दिसू लागली. एका कुटुंबाला एवढा तांदूळ मोठा वाटत असल्यास दोन शेजाऱ्यांनी मिळून पोते घेणे हा सोपा उपाय आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केशतेल यांवरील कर १८ वरून पाच टक्के, तर तूप-लोण्यावरील कर १२ वरून पाच टक्के झाला. हा लाभ मिळाला की नाही, हे जाणून घेण्याचा मार्गही एकक किमतीची तुलना हाच आहे. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक रक्कम मागितल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हाती रोकड असण्याचे मोल

हे सर्व उपाय ज्याच्या हाती महिन्याच्या आरंभी रोख रक्कम असते, त्याला सहज साधतात. रोजंदारीवर जगणारे कुटुंब रोज शंभर ग्रॅम डाळ आणि छोटी तेलपिशवी विकत घेते, तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे अधिक पैसे मोजते. वहीवर उधारी असेल, तर दुसऱ्या दुकानात भाव विचारण्याचीही सोय उरत नाही. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते, ती अशी.

या दृष्टीने राज्य सरकारने १५ सप्टेंबर २०२३ पासून पात्र कुटुंबप्रमुख महिलांना सुरू केलेले महिना एक हजार रुपये महत्त्वाचे आहेत. ही रक्कम आली त्याच दिवशी डाळ, तेल, मीठ, साबण यांची महिनाभराची खरेदी रोखीने केल्यास उधारीचा फेरा सैल होतो. किरकोळ खर्चात ती विरून गेली, तर पुढचा महिना पुन्हा छोट्या पुड्यांवरच काढावा लागतो.

साठवणुकीलाही मर्यादा आहे. ईशान्य मोसमी पावसाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कावेरीच्या खोऱ्यात हवा दमट असते. डाळीला आणि रव्याला कीड लवकर लागते. फेकून दिलेली अर्धा किलो डाळ सवलतीत वाचवलेले सारे पैसे घेऊन जाते. त्या महिन्यांत खरेदी कमी प्रमाणात करणे आणि डाळ उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हेच शहाणपणाचे.

सर्वांत साधे साधन म्हणजे हिशेबाची वही. महिनाभर प्रत्येक खरेदी धान्य, दूध, भाजी, तेल-डाळ आणि तयार पदार्थ अशा पाच रकान्यांत लिहिली, तर फुगलेला रकाना पहिल्याच महिन्यात दिसून येतो. कपात कोठे करायची, हे त्यानंतर कोणी सांगावे लागत नाही.