डोळा घ्यावा की दुभाष्या?

आमच्या चिरंजीवांचे खेळाचे यंत्र अण्णांच्या वाट्याला आले ते २०११ च्या गणपतीत. चिरंजीव इंजिनियरिंगसाठी वसतिगृहात राहायला गेले, तेथे टीव्ही ठेवायला मनाई, म्हणून यंत्र पुण्यातच राहिले. त्याच सुमारास घरातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरने राम म्हटला. "बाबा, नवीन कशाला घेता? हेच लावा की," असे चिरंजीव जाता जाता म्हणाले, आणि ते काही खोटे नव्हते. प्लेस्टेशन ३ हे यंत्र २००६ च्या नोव्हेंबरात जपान-अमेरिकेत विक्रीला आले ते खेळासाठी खरे. पण त्याच्या पोटात ब्लू-रे तबकडी वाचण्याची सोय होती, डीव्हीडी चालत होती, आणि पेन ड्राइव्ह लावला तर त्यावरची गाणी-चित्रपटही दिसत. (पेन ड्राइव्ह मात्र एफएटी-३२ या पद्धतीने आखलेला हवा, आणि अशा पेन ड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. या एका गोष्टीपायी माझे दोन रविवार गेले, म्हणून सांगून ठेवतो.)

अण्णा म्हणजे माझे वडील. त्या वेळी वय ७९. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वाचा शाबूत राहिली, काठीच्या आधाराने चालणेही पुष्कळ सुधारले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आता या खेळाच्या यंत्राची जी मूठ असते ती दोन हातांत धरायची वस्तू आहे. डावा अंगठा दिशेसाठी, उजवा निवडण्यासाठी, आणि चित्र पुढे-मागे सरकवायच्या कळा पुढल्या कडेखाली, बोटांच्या टोकाशी. बारा वर्षांच्या पोराला ती न पाहता येते. अण्णा ती मांडीवर पालथी-उताणी करीत, डाव्या हाताने शोधीत, आणि कळ दाबायच्या वेळी ती घसरून सतरंजीवर पडे.

पहिले काही दिवस हाका येत. "अरे, जरा लावून दे रे." मग हळूहळू हाका थांबल्या. अण्णांना आता पाहायचे नसेल, असा मी सोयीस्कर अर्थ काढला.

सौ.ने मात्र नवरात्रात मला छेडले. "त्यांना तो रिमोट का नाही आणून देत? टीव्हीचा तर ते व्यवस्थित चालवतात." मी म्हणालो, "आजच आणतो." यात काय ते अवघड, असे मला वाटले होते!

अवघड काय ते दुकानात कळले. या यंत्राला डोळाच नाही. आपल्या टीव्हीच्या काचेखाली जो लहानसा काळा ठिपका असतो तो त्याचा डोळा. रिमोटच्या टोकाशी असलेला दिवा अवरक्त प्रकाशाची उघडझाप करतो आणि तो डोळा ती वाचतो. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. विल्यम हर्शेल याने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश पाडून, तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे तापमापक ठेवला, तेव्हा पारा चढलेला पाहून तो त्याला सापडला. रिमोटमध्ये तो यायला मात्र पुष्कळ वर्षे गेली. १९५५ साली अमेरिकेत यूजीन पॉली याने टीव्हीसाठी जो बिनतारी रिमोट केला तो साधा दिसणारा प्रकाश टाकी. सूर्याचे ऊन पडद्याच्या कोपऱ्यावर आले की टीव्ही आपोआप वाहिनी बदले! पुढच्या वर्षी रॉबर्ट ॲडलर याने आवाजाचा रिमोट काढला, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. अवरक्त प्रकाश त्यानंतरचा. हल्लीचे बहुतेक रिमोट सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतात आणि त्या लयीत आपला निरोप गुंफतात. टीव्हीचा डोळा तेवढीच लय ओळखतो, म्हणून पॉलीची फजिती आपल्या वाट्याला येत नाही.

प्लेस्टेशन ३ करणाऱ्यांनी हा डोळा बसवलाच नाही. त्याची मूठ ब्लूटूथने, म्हणजे रेडिओलहरींनी बोलते. अवरक्त निरोप त्याच्या तोंडावर कितीही फेका, ते ढिम्म. तसे पाहिले तर या खेळयंत्रांच्या कुळातच डोळ्याची चंगळ नव्हती. आधीच्या प्लेस्टेशन २ च्या सुरुवातीच्या नमुन्यांना बाहेरून डोळा खोचावा लागे. २००१ सालच्या एक्सबॉक्सवर तर रिमोट आणि डोळा यांची वेगळी जोडी विकत घेतल्याखेरीज डीव्हीडी चालतच नसे. निन्टेन्डोच्या वी या यंत्राची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सेन्सर म्हणत, पण ती काही पाहत नसे. तिच्यात नुसते अवरक्त दिवे, आणि पाहणारा डोळा हातातल्या दांड्यात. पट्टी बिघडली तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही खेळता येई. भाच्याच्या घरी एका दिवाळीत आम्ही मेणबत्त्यांच्या जागी पणत्या ठेवून पाहिल्या, आणि चाललेही. फक्त त्याच्या आईने पडद्यापाशी ज्योत पाहून आम्हा दोघांना खोलीबाहेर काढले.

असो. आता प्रश्न निवडीचा.

पहिला मार्ग सरळ होता. यंत्राच्या कंपनीचाच ब्लूटूथ रिमोट मिळत असे. त्याला अडॅप्टर लागत नाही, आणि त्याने यंत्र चालूही होते. पण आम्ही पाहिलेला त्याचा पहिला नमुना केवळ ब्लूटूथ बोलणारा; टीव्ही लावणे आणि आवाज कमी-जास्त करणे हे त्याला जमत नव्हते. म्हणजे अण्णांच्या एका हाताला दोन रिमोट. शिवाय कळा गव्हाच्या दाण्याएवढ्या आणि एकमेकींना खेटून. मी तो दुकानातच परत ठेवला.

दुसरा मार्ग दुकानदाराने दाखवला: अंगठ्याएवढा एक यूएसबी डोळा. तो यंत्राच्या पुढच्या खोबणीत खोचायचा. आत अवरक्त वाचणारा भाग आणि एक चिमुकली चिप असते. ती यंत्राला भासवते की मीच मूठ आहे. किंमत आम्हा दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. "याने सगळं होतं ना?" मी विचारले. "सगळं होतं, साहेब." मी घेतला. त्याच्या जोडीला एक शिकाऊ रिमोट घेतला. हा रिमोट दुसऱ्या रिमोटच्या तोंडाला तोंड लावून ठेवायचा आणि एकेक कळ शिकवायची. म्हणजे टीव्हीचा आवाज आणि यंत्राचे चालू-थांब एकाच हातात.

घरी सगळे झकास चालले. डावीकडे-उजवीकडे, निवड, थांब, पुढे, मागे. अण्णांनी स्वतः तासभर नाट्यगीते ऐकली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आठ-दहा दिवसांनी पहाटे मी पाणी प्यायला उठलो. साडेचार-पावणेपाच झाले असतील. बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता. अण्णा खुर्चीत बसलेले, समोर टीव्हीचा निळा कोरा पडदा, आणि डाव्या हातातला रिमोट यंत्राकडे रोखलेला. ते कळ दाबीत होते, थोडे थांबत होते, पुन्हा दाबीत होते.

मला पाहून म्हणाले, "बंद पडलाय वाटतं. असू दे, तू झोप."

मी जाऊन यंत्राला बोट लावले. 'पीं' असा आवाज होऊन तांबडा दिवा हिरवा झाला. तबकडी आतच होती आणि यंत्राची मांडणी अशी की तबकडी आपोआप सुरू व्हावी. सनई वाजू लागली. धाकट्या बहिणीच्या लग्नाची १९८९ सालची कॅसेट मी डीव्हीडीवर उतरवून घेतली होती, ती. तीत आमची आई आहे. फार नाही, दीड-दोन मिनिटे. पंक्तीच्या वाढप्यांना मठ्ठा पुरवून वाढा म्हणून दटावते आहे. आईला जाऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती.

"दुसरंच काहीतरी लावायचं होतं मला," अण्णा म्हणाले, आणि टीव्ही बंद केला.

हाका का थांबल्या होत्या ते मला त्या पहाटे कळले. काय पाहायचे आहे हे कोणाला सांगावे लागू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि मी आणलेला डोळा नेमका तेथेच कमी पडत होता.

त्याचे कारणही साधे आहे. प्लेस्टेशन ३ झोपले की यूएसबीच्या खोबणीतली वीज तोडते. डोळ्याला वीजच नाही, तर तो पाहणार काय आणि उठवणार कोणाला? त्या डोळ्याने यंत्र चालवता येते, पडद्यावरच्या यादीत जाऊन निजवताही येते. पण निजलेले उठवता येत नाही. झोपेत त्या यंत्राचा एकच कान उघडा असतो, तो ब्लूटूथचा, आणि तोही ओळख पटवून दिलेल्या हाकेलाच ओ देतो.

म्हणून तिसरा मार्ग. याला मी दुभाष्या म्हणतो. ही एक काडेपेटीहून थोडी मोठी डबी. तिला भिंतीवरून स्वतःची वीज. ती अवरक्त निरोप ऐकते आणि तो ब्लूटूथमध्ये सांगते. यंत्राला वाटते, ओळखीचा रिमोटच बोलतो आहे. एकदाच यंत्राच्या मांडणीत जाऊन तिची रिमोट म्हणून नोंद करायची, की झाले. किंमत डोळ्याच्या चौपटीच्या आसपास. आमच्याकडे ती मिळेना; न्यू जर्सीच्या मावसभावाने नाताळात येताना आणली. येथे एक सूचना. परदेशी वस्तूची विजेची पेटी आधी वाचावी. तिच्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापले असेल तर नुसती पिन बदलून भागते. केवळ १२० असेल तर आपल्या २३० च्या विजेत ती जळून जाईल. मावसभावाने पिन विसरली, पण आकडे बरोबर होते.

डबी कोठे ठेवावी यालाही महत्त्व आहे. शोकेसच्या काचेआड चालते, लाकडी दाराआड नाही. आमच्या पश्चिमेच्या गॅलरीतून चारनंतर जे ऊन येते ते थेट डबीवर पडले की निरोप चुकत, म्हणून ती टीव्हीच्या सावलीत सरकवली. रिमोट प्रकाश टाकतो की नाही हे पाहायचे असेल तर तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. बऱ्याच कॅमेऱ्यांत जांभळट ठिणगी दिसते. सेल संपला की यंत्र बिघडले, हा वाद त्याने घरात मिटतो.

मी अण्णांच्या रिमोटला नऊच कळा शिकवल्या. बाकीच्यांवर पुठ्ठा कापून चिकटवला. यंत्र उठवायच्या कळेवर सौ.ने आपली लाल टिकली लावली, म्हणजे अंधारातही बोटाला लागावी.

पौषातली गोष्ट. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेरच्या खोलीतून एकदाच 'पीं' असा आवाज आला. सौ. जागी झाली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी तिला खुणेने निजून राहायला सांगितले. मग सनई, अगदी बारीक आवाजात.

आज कोणी असे यंत्र घरात बाळगून असेल तर अडॅप्टर शोधण्याआधी एक पाहावे. २००९ साली प्लेस्टेशन ३ चा जो सडपातळ नमुना आला त्याला एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्हीशी बोलता येते. टीव्हीत सीईसी ही सोय असेल तर टीव्हीच्याच रिमोटने बरेचसे काम होते, आणि डोळा, दुभाष्या, दोघांचेही पैसे वाचतात. आमचा नमुना जुना, जाडा. त्याला ते येत नव्हते. जपानात या यंत्राचे उत्पादन २०१७ साली थांबले. दुभाष्या आता जुन्या बाजारातच सापडला तर सापडेल. घेताना त्याची विजेची पेटी बरोबर आहे ना, हे आधी विचारा.

टिकली मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी निघून येई. सौ. नवी लावी, आणि अण्णांनी ती कधी मागितली नाही की कशी निघाली तेही सांगितले नाही.