राजा गेला, गंडभेरुंड राहिला

राज्य बदललं की नवा सत्ताधारी आधी जुनी निशाणं उखडतो, असं आपण गृहीत धरतो. बंगळुरूत याची परीक्षा घ्यायला भरपूर वाव आहे. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत हे शहर आदिलशाहीकडे गेलं आणि शहाजीराजांची जहागीर झालं. 1687 मध्ये मोगल आले. मग म्हैसूरचे वाडियार, हैदर, टिपू आणि 1791 मध्ये इंग्रजांचा कॉर्नवॉलिस. किल्ल्यावरचे झेंडे एवढ्या वेळा उतरले आणि चढले, तरी वाडियारांचा गंडभेरुंड आजही नोकरीत आहे.

पुणे-बंगळुरू प्रवास कर्नाटक एसटीने केलेल्या माणसाने हा दोन डोक्यांचा पक्षी महामंडळाच्या बोधचिन्हात पाहिलेला असतो. टिपूच्या काळात वाघ पुढे आला: तोफांवर वाघ, सिंहासनाला वाघ, सैनिकांच्या कपड्यांवर वाघाचे पट्टे. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, म्हैसूरच्या गादीवर वाडियार परत आले आणि त्यांचा पक्षीही परतला.

या पक्ष्याबद्दल आणखी एक समज असा, की साहेबाच्या राज्यात तो युरोपातल्या दुतोंडी गरुडावरून उचलला. तसं नाही. शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावीला गंडभेरुंडाचा अकराव्या शतकातला स्तंभ उभा आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तर तो चोचींत आणि पंजांत हत्ती धरून दिसतो. युरोपी आहे ती मांडणी: मधे ढाल, दोन बाजूंना आधार देणारे प्राणी. आणि गंमत अशी, की रशियाने क्रांतीनंतर हाकललेला दुतोंडी गरुड 1993 मध्ये पुन्हा राजचिन्हात आणला. राजेशाही गेल्यावर कर्नाटकाला मात्र आपला पक्षी परत आणायची वेळच आली नाही.

म्हणजे काहीच बदललं नाही, असंही नव्हे. आजचं राज्यचिन्ह जवळून पाहावं. लाल ढालीवर पांढरा गंडभेरुंड, दोन्ही अंगांना सिंह-हत्तीचं मिश्रण असलेले पिवळे शरभ. इथवर सगळं राजघराण्याचं. पण ढालीच्या डोक्यावर आता अशोकस्तंभाचे सिंह बसले आहेत. आपण कधी भीत नाही, अशा अर्थाचं राजघराण्याचं संस्कृत बोधवाक्य गेलं आणि खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’ आलं. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, ते या एका चित्रात वरून खाली वाचता येतं.

सर्वांत पक्का गैरसमज मात्र झेंड्याचा. 1 नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला रिक्षांवर, चौकाचौकांत फडकणारा हळदी-कुंकवाच्या रंगांचा पिवळा-लाल ध्वज सरकारी वाटतो. तो तसा नाही. कन्नड चळवळीतले म. राममूर्ती यांनी तो 1960च्या दशकात तयार केला. मार्च 2018 मध्ये सिद्धरामय्या सरकारने पिवळा-पांढरा-लाल, मधोमध राज्यचिन्ह असलेला नवा ध्वज जाहीर करून केंद्राकडे पाठवला. मंजुरी आली नाही. राज्याने स्वतःचा ध्वज ठेवू नये, असं कलम राज्यघटनेत नाही. जम्मू-काश्मीरचा वेगळा ध्वज तर 2019 पर्यंत होता.

बेळगावात महापालिकेसमोरच्या पिवळ्या-लाल झेंड्यावर मराठी मंडळींचा आक्षेप असतो, की हा झेंडा अधिकृत नाही, आणि तो आक्षेप बरोबर आहे. फक्त महाराष्ट्रालाही अधिकृत राज्यध्वज नाही, आणि भगव्याकडेही कुठल्या सरकारचा कागद नाही.