बिनदाराच्या घरातले दीड हजार

शनिवारी सकाळी नवऱ्याला फोन लावून उपयोग नसतो, हे शनिशिंगणापुरातल्या बाईला सांगावं लागत नाही. तिथल्या माझ्या ओळखीच्या वहिनींनाही ते माहीत होतं. पण ऑनलाइन केंद्रातला मुलगा म्हणाला होता, आज साइट चालतेय, उद्याचं सांगता येत नाही. म्हणून त्या कांद्याच्या लागणीचा खाडा करून आल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ चा पहिला पंधरवडा. राज्याच्या लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायला तेव्हा १८ तारखेची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

त्यांचा स्वतःचा आधार क्रमांक टाकून झाला, त्यांच्या मोबाईलवर आकडा आला, तो भरला. मग स्क्रीनने नवऱ्याचा आधार मागितला. त्याचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर जाणार. नवरा देवस्थानाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात कामाला. शनिवारी त्याच्या दोन्ही हातांत रुईच्या माळा, तेलाच्या बाटल्या, काळ्या बाहुल्या आणि घोड्याचे नाल. मोबाईल गल्ल्यामागच्या खुंटीवर, पिशवीत. रिंग वाजून वाजून बंद झाली.

“पैसे माझे, खातं माझं, आन् आकडा यांच्या मोबाईलवर,” वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

ऑगस्ट २०२४ पासून मी अधूनमधून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. योजनेचा शासन निर्णय निघाला २८ जून २०२४ ला. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. महिन्याला दीड हजार, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. अटी काय त्या पैसे येण्याआधीच्या. आल्यावर ते कशाला खर्च केले, हे कुणी विचारत नाही. पावती नाही, पाहणी नाही. ‘बिनशर्त’ शब्दाचा अर्थ एवढाच, पण ज्या घरात आजवर बहुतेक सरकारी रुपया कशासाठी तरी आला, खतासाठी, घरकुलासाठी, शौचालयासाठी, तिथे तो फार मोठा आहे.

याआधी घरात पैसा येत नव्हता असं नाही. २०१९ पासून पीएम किसानचे दर चार महिन्यांनी दोन हजार, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच. वर्षाला बारा हजार. पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, खातं त्याचं, आणि तो पैसा खत-बियाण्यात जातो. वहिनींनी त्याचा मेसेजसुद्धा कधी पाहिलेला नव्हता. दुकानातला पगार रोजावर. शनिवारी आणि अमावास्येला वरकड पैसे मिळतात, मंगळवार-बुधवारी मालक लवकर घरी पाठवतो. शनी अमावास्या होऊन गेली की घरात मटण, नाहीतर ज्वारीची भाकरी आणि ठेचा. उरलेला पैसा कांद्याच्या पट्टीवर, आणि पट्टीचा भरवसा कुणी द्यावा!

अशा घरात दीड हजार ही रक्कम पाहू नये, तिची चाल पाहावी. मला पहिला बदल दिसला तो तेलात. ज्या गावात देवाच्या शिळेवर अहोरात्र तेल वाहतं, त्या गावात वहिनी वर्षानुवर्षं खाण्याचं तेल सुटं आणायच्या, दहा-वीस रुपयांचं, पोरीच्या हाती छोटी बाटली देऊन. सुटं घेणाऱ्याला तेच तेल महाग पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता, कारण एका वेळी किलोचे पैसे हातात नसायचे. २०२४ च्या राखीपौर्णिमेआधी जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाच लिटरचा डबा घेतला. गरिबाला सगळं महाग मिळतं, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. इथे ते त्या डब्याशेजारी अजून ठेवलेल्या रिकाम्या बाटलीत दिसतं.

दुसरी गोष्ट मला जरा उशिरा समजली. शिंगणापूरच्या बहुतेक घरांना दारं नाहीत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. चौकट आहे, फळी नाही. फार तर पडदा, किंवा कुत्रं आत येऊ नये म्हणून टेकवलेला पत्रा. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली, तीही कुलूप न दिसणारी, काचेच्या दाराची. पोलीस ठाणं आलं २०१५ मध्ये. मी आपलं शहरी डोक्याने विचारलं, घरात पैसे ठेवायला भीती नाही वाटत?

“चोराची कसली भीती? चोर येतच नाही,” वहिनी म्हणाल्या. “घरच्यांची भीती.”

मग त्यांनी समजावलं. ज्वारीच्या कोठीत ठेवलेले दोनशे रुपये चोरीला कधीच गेले नाहीत. ते मागितले गेले. दिराला डिझेलला, नणंदेला एसटीला, नवऱ्याला मित्राच्या लग्नातल्या आहेराला. पैसा दिसतो म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. बाईने पैसा असून नाही म्हटलं की ती वाईट ठरते. खात्यातला पैसा दिसत नाही. “अजून पडला नाही,” एवढं म्हटलं की झालं. हप्ता खरोखरच कधी महिनाअखेर, कधी पुढच्या महिन्यात पडतो, त्यामुळे या थापेला सरकारचाही हातभार लागतो.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत पाच हप्त्यांचे साडेसात हजार झाले होते. त्यातले उरलेले आणि बचत गटातून उचललेले थोडे, असे मिळून घोडेगावच्या बाजारातून त्यांनी एक गाभण शेळी आणली. शेळीला दोन करडं झाली, एक पाट, एक बोकड. बोकड विकून गटाचं कर्ज फिटलं. हे वाचून कुणी यशोगाथा लिहायला बसू नये. दुसऱ्या वेताला एक करडू पोट फुगून मेलं.

मध्य प्रदेशात २०११ मध्ये ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत असाच प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला महिना दोनशे, मुलाला शंभर, कसलीही अट नाही. पुढे रक्कम वाढवली. तिथेही लोकांनी जनावरं घेतली, आणि मजुरीला जाणारे काहीजण स्वतःच्या रानात जास्त वेळ काम करू लागले. आमच्याकडच्या बागायतदारांना हेच टोचतं. ‘पैसे फुकट मिळायला लागले, बाया कामाला येईनात,’ हे मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकलंय. हिशोब करून पाहावा. तीनशे रुपये रोज धरला तर दीड हजार म्हणजे पाच दिवसांची मजुरी. पाच दिवसांच्या पैशावर पंचवीस दिवस घरी कोण बसेल? वहिनी लागणीला जातातच. फरक एवढा की अंगात ताप असताना जात नाहीत, आणि टोळीने एकरी भाव ठरवताना मालकाच्या पहिल्या आकड्याला मान हलवत नाहीत. तक्रार आळसाची म्हणून केली जाते, पण मला वाटतं खरं दुखणं या दुसऱ्या गोष्टीचं आहे.

सगळ्यात कडक परीक्षक मात्र घरातच आहेत. सासूबाई अडुसष्टच्या. बहात्तरच्या दुष्काळात, पंधरा वर्षांच्या असताना, त्यांनी खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. “दगड फोडल्याबिगर आमच्या हातावर कुणी दमडी ठेवली नाय,” त्या म्हणतात. लाडक्या बहिणीच्या वयात त्या बसत नाहीत. वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. म्हणजे एकाच चुलीवरचं घर सुनेसाठी गरीब आणि सासूसाठी श्रीमंत. याचा राग त्या सरकारवर काढत नाहीत, सुनेवर काढतात. सून दर हप्त्यातून त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणते आणि वर पन्नासाची नोट तंबाखूच्या चंचीखाली ठेवते. त्याबद्दल दोघींपैकी कुणी बोलत नाही.

त्या शनिवारी केंद्रात गर्दी वाढली होती. मागे एक विधवा बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन उभी होती. नवऱ्याच्या रकान्यात कुणाचा आधार घालायचा, हे त्या मुलालाही नीट सांगता येईना. वहिनींनी चौथ्यांदा फोन लावला. या वेळी उचलला गेला. पलीकडे गिऱ्हाइकांचा गलका, भाविकांना दुकानाकडे ओढणारा कुणी लटकू गाडी आडवी घालून ओरडत होता.

“अहो, आकडा आलाय का बघा. सहा आकडे हायेत.”

“कसला आकडा? थांब, गिऱ्हाईक हाये. एकावन्नची माळ... हां, बोल. चार, सात...”

“जोरात.”

“चार, सात, शून्य, दोन...”

मुलाने टाइप करता करता मान वर केली. “काकू, टाइम संपला. परत पाठवतो.”

तेवढ्यात साइट बसली. वहिनींनी आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. आता रानात गेलं तर अर्धा रोज तरी धरतील का, याचा अंदाज घेत त्या पायरी उतरल्या. “सोमवारी येते, दादा. सोमवारी हे मोकळे असत्यात.”